चौथा बॉल

मुलगी तेरा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. आमच्या हॉस्पिटलच्या फॅमिली डेला एका स्टॉलवर रिकामे डबे रचून ठेवले होते, चेंडू मारून ते पाडायचे. तिनं तीन चेंडूंत तीन मनोरे पाडले, पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली आणि पुन्हा तिन्ही पाडले. एक्स-रे विभागात काम करणारे एक फिलिपिनो गृहस्थ मागे उभे राहून हे बघत होते. दर शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी ते मुलामुलींच्या एका बेसबॉल टीमला शिकवायचे. ही काही खेळते का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, बिल्डिंगखाली वडिलांबरोबर टेनिस बॉलचं क्रिकेट, बाकी काही नाही. पुढच्या शुक्रवारी ती ग्राउंडवर होती, आणि आम्ही चर्चमधली शुक्रवारची सकाळची मिस्सा सोडून शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जायला लागलो होतो.

आम्ही मूळचे वसईचे, आता बरीच वर्षं इथे आखातात. नवरा मीना सलमान बंदरावर एका स्पेअर पार्ट्सच्या गोदामात सुपरवायझर, मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन, घर माहूज भागात तिसऱ्या मजल्यावर. बेसबॉल आमच्यापैकी कुणीच कधी पाहिला नव्हता. नवरा वसईत असताना गावच्या टीममधून फास्ट बोलिंग करायचा, त्यामुळे त्याला वाटायचं की आपल्याला सगळं कळतं. पहिल्या दोन मॅच त्यानं मुलीला ‘यॉर्कर टाक’ असं ओरडून सांगण्यात घालवल्या.

मला खेळ कळला तो लिहिता लिहिता. टीमचा स्कोअर लिहिणारी बाई नवऱ्याच्या बदलीमुळे देश सोडून गेली आणि कोचनी वही माझ्या हातात दिली. तुम्ही लॅबमध्ये दिवसभर मोजतच असता, असं ते म्हणाले. नियम तसा साधा आहे. पिचर मातीच्या उंचवट्यावरून चेंडू फेकतो. बॅटरच्या समोर जमिनीवर एक रबरी पाटी असते, तिला प्लेट म्हणतात. चेंडू प्लेटच्या वरून, बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीत गेला तर स्ट्राइक. त्या चौकटीबाहेर गेला आणि बॅटरनं बॅट फिरवली नाही तर तो बॉल. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद, आणि तीन बॅटर बाद झाले की त्या इनिंगमधली टीमची पाळी संपली; एका मॅचमध्ये अशा बऱ्याच इनिंग असतात. चार बॉल झाले की बॅटर काहीही न करता चालत पहिल्या बेसवर, म्हणजे रनच्या वाटेवरच्या पहिल्या ठाण्यावर जातो. त्याला वॉक म्हणतात, आणि वहीत त्याच्या नावापुढे इंग्रजीत दोनदा ‘बी’ लिहायचं. नवऱ्यानं पहिल्यांदा ते वाचलं तेव्हा तो खूप हसला. एवढ्या बीबी कुणाच्या, असं त्यानं विचारलं होतं.

मी ज्या सीझनबद्दल सांगते आहे तो तिचा तिसरा. ती पंधरा वर्षांची झाली होती आणि टीमची पहिली पिचर होती. नोव्हेंबरमध्ये सीझन सुरू झाला. पहिल्या पाच मॅचमध्ये तिनं पंधरा इनिंग टाकल्या, एकोणीस बॅटर स्ट्राइकवर बाद केले आणि वॉक दिले फक्त पाच. तिच्या वयाच्या कुठल्याच मुलाचे वॉक इतके कमी नव्हते. दर शुक्रवारी दुपारी नवरा ते आकडे एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायचा. ती दूध काढायला गेली की त्याकडे बघत नसल्याचं नाटक करायची आणि बघायची.

सहावी मॅच डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. वारा नव्हता, ऊन कोवळं होतं, सगळं ठीक चाललं होतं. तिसऱ्या इनिंगमध्ये समोरच्या टीमची एक मुलगी बॅटिंगला आली. वय बारा-तेरा, अंगानं लहान, पण प्लेटच्या अगदी जवळ उभी राहणारी. माझ्या मुलीनं टाकलेला दुसरा चेंडू आत वळला. त्या मुलीनं तोंड वाचवायला हात वर घेतला आणि चेंडू तिच्या मनगटावर बसला. आवाज मला स्टॅंडमध्ये ऐकू आला. ती ओरडली नाही. नुसती खाली बसली आणि मनगट पोटाशी धरून पुढे-मागे झुलायला लागली.

आमचे कोच सगळ्यांच्या आधी धावले. त्यांचं रोजचं कामच ते, हात बघताच त्यांना कळलं. माझी मुलगी उंचवट्यावर उभी होती, हातमोजा तोंडावर धरून, फक्त डोळे दिसत होते. त्या मुलीला गाडीत बसवून नेल्यावर अंपायरनं खेळ पुन्हा सुरू केला. पुढच्या दोन्ही बॅटरना तिनं वॉक दिला. मग सहायक कोचनी तिला बाहेर काढलं. त्या दिवशी संध्याकाळी कोचचा मला फोन आला. मनगटाचं एक हाड मोडलं होतं. प्लास्टर घातलं आहे, सहा आठवड्यांत भरून येईल, काळजीचं कारण नाही.

रविवारी आम्ही त्या मुलीला भेटायला अमवाजच्या बेटावर गेलो. माझ्याच मुलीनं हट्ट धरला होता. तिथल्या घराची गॅलरी थेट पाण्यावर, आणि ती मुलगी सोफ्यावर मांडी घालून टीव्हीवर खेळ बघत बसलेली. तिची आई आमच्याशी फार चांगलं बोलली. खेळात असं होतंच, ती म्हणाली. त्या मुलीनं हसत माझ्या मुलीपुढे प्लास्टर धरलं आणि मार्कर दिला, सही कर म्हणून. माझ्या मुलीनं मार्कर घेतला. पहिलं अक्षर तिला दोनदा गिरवावं लागलं. परत येताना पुलावर वडिलांनी रेडिओ लावला, तिनं बंद केला.

नाताळच्या सुट्टीत मॅच नव्हत्या. मला वाटलं, बरं झालं, विसरेल. मी नेवऱ्या केल्या, तिनं सारण भरायला मदत केली, मिस्साला गेलो, सगळं नेहमीसारखं. जानेवारीत सातवी मॅच झाली.

पहिल्या बॅटरला तिनं चार बॉल टाकले. दुसऱ्याला चार. तिसऱ्याला एक स्ट्राइक पडला आणि मग चार बॉल. तिन्ही बेसवर माणसं, आणि तिच्या कपाळावरून घाम गालावर आलेला, जानेवारीच्या गार हवेत. चौथ्यालाही वॉक मिळाला, सगळे एकेक बेस पुढे सरकले आणि एक रन फुकट गेला. कोच उंचवट्यावर जाऊन काहीतरी बोलले, तिनं मान हलवली. दुसऱ्या इनिंगमध्येही तेच. कोचनी तिला बाहेर काढलं तोवर तिनं सात वॉक दिले होते. मी सात वेळा तीच दोन अक्षरं लिहिली. स्टॅंडमध्ये माझ्या शेजारी आमच्याच टीमच्या एका मुलाचे वडील बसले होते. ते मोठ्यानं उसासे टाकत होते आणि दर उसाशानंतर माझ्याकडे बघून ओशाळवाणं हसत होते.

त्यानंतर घरातली हवाच बदलली. शाळेतून आली की ती पार्किंगमध्ये उतरायची. तिथल्या कोपऱ्यातल्या खांबाला आम्ही जुनी गादी बांधली होती आणि मी तिच्यावर लाल टेपनं चौकट चिकटवली होती. गादीवर ती दहातले नऊ चेंडू चौकटीत मारायची. मी स्वतः उभी राहून मोजले आहेत. मग शुक्रवार यायचा, समोर जिवंत माणूस बॅट घेऊन उभा राहायचा, आणि चेंडू कुठेही जायचा. आठव्या मॅचला दोन इनिंगमध्ये सहा वॉक. नवव्या मॅचला वाळूचा वारा होता, पाच वॉक.

नवऱ्यानं एक दिवस जेवताना तिला समजावलं की सगळ्यांचं असं होतं, त्याचंही एका सीझनला असंच झालं होतं, चार महिने बोलिंग सोडली आणि आपोआप जमलं. खलास, सोड आता, पुढच्या वर्षी बघू. तिनं ताट सरकवलं आणि इंग्रजीत म्हणाली की सगळ्यांनी आता तिच्याबद्दल बोलणं बंद करावं. घरी ती बहुतेक इंग्रजीतच बोलते, आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, हे आम्हाला सवयीचं आहे. पण त्या दिवसांत ते इंग्रजी दार लावून घेतल्यासारखं वाटायचं. फ्रिजवरचा कागद कधीतरी नाहीसा झाला होता. कुणी काढला ते मी विचारलं नाही.

माझ्या वहीत मी एक जास्तीचं काम करत असे. प्रत्येक चेंडू प्लेटच्या कुठून गेला त्याची एका छोट्या चौकोनात खूण करायची. कोचनी सांगितलं म्हणून ती सवय लागली होती. एका दुपारी लॅबमध्ये काम कमी होतं तेव्हा मी ती पानं पुढे-मागे करून बघितली. सहाव्या मॅचच्या आधी तिच्या खुणा चौकोनाभोवती सगळीकडे होत्या. त्यानंतर सगळ्या एकाच बाजूला. बॅटरपासून दूर, बाहेरच्या बाजूला, कधी हातभर बाहेर. आतल्या बाजूला, बॅटरच्या अंगाकडे, तीन मॅचमध्ये एकही खूण नव्हती. तिला नेम लागत नव्हता असं नाही. ती माणसाला टाळत होती.

मी त्या पानांच्या झेरॉक्स काढून एक्स-रे विभागात गेले. कोचनी त्या बघितल्या आणि स्वतःकडे ठेवल्या. ते म्हणाले की त्यांना हे माहीत आहे, पण तिला आत्ता सांगितलं तर ती मुद्दाम आत टाकायला जाईल आणि घाबरेल. योग्य वेळ आली की मी सांगतो, तोवर तुम्हीही बोलू नका. मी बरं म्हटलं.

आता ज्याची मला लाज वाटते ते सांगते.

फेब्रुवारीत आमच्या लीगमधल्या चारही टीममधून एक निवडक टीम दुबईला तीन दिवसांच्या स्पर्धेसाठी जाणार होती. पिचर चार घ्यायचे होते. प्रत्येक टीमच्या स्कोअररनं नऊ मॅचचे आकडे पाठवायचे, असं स्पर्धेचं बघणाऱ्या अमेरिकन गृहस्थांनी आमच्या ग्रुपवर कळवलं. बाकी तीन टीमचे आकडे ग्रुपवर आले. तीन पिचर उघडच पुढे होते. चौथ्या जागेसाठी दुसऱ्या टीमचा एक मुलगा होता, त्याचे बाद केलेले बॅटर जवळजवळ माझ्या मुलीइतकेच, आणि वॉक बावीस. माझ्या मुलीचे पंचवीस.

शनिवारची दुपार होती. मुलगी क्लासला गेली होती, नवरा ड्युटीवर. मी जेवणाच्या टेबलावर वही उघडून बसले. नवव्या मॅचचं पान बघताना मला आठवलं की त्या वाऱ्यात दोन चेंडू अगदी कडेवरून गेले होते, अंपायरनं ते बॉल दिले, कुणी दुसऱ्यानं स्ट्राइक दिले असते. मी खोडरबर घेतलं. दोन वॉक खोडले आणि तिथे साधा हिट लिहिला, म्हणजे बॅटर चेंडू मारून बेसवर गेला असं. बॅटर तसाही बेसवर गेलाच होता, रनमध्ये काही फरक पडत नव्हता. मग आठव्या मॅचचं पान उलटलं. तिथे वारा नव्हता, कडेवरचा चेंडूही मला आठवत नव्हता. तरी दोन खोडले. पंचविसाचे एकवीस झाले. बेरजेच्या कागदाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. हात धुतले आणि संध्याकाळसाठी मच्छी साफ करायला घेतली.

लॅबमध्ये वीस वर्षं काम करते आहे. एखाद्या रिपोर्टचा आकडा मनासारखा आला नाही तर तपासणी पुन्हा करायची असते, आकडा बदलायचा नसतो. हे मी नव्या मुलींना शिकवते. त्या दुपारी हे मला आठवलं नव्हतं असं नाही. आठवलं होतं.

चार दिवसांनी निवड झाली. चौथ्या पिचरच्या जागी माझ्या मुलीचं नाव होतं. नवऱ्यानं गोदामातून फोन केला आणि यादी मला दोनदा वाचून दाखवली. शाळेतून आल्यावर मुलीनं फोन बघितला, मग माझ्याकडे बघितलं, आणि आत गेली. मला वाटलं, दडपण आलं असेल. अर्ध्या तासानं ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात स्कोअरची वही होती.

तिनं वही टेबलावर ठेवली आणि आठव्या मॅचच्या पानावर बोट टेकवलं. कागद खोडून खोडून तिथे खरखरीत झाला होता.

“मम्मा, हा वॉक होता,” ती म्हणाली. मराठीत. “हा पण.” तिनं पान उलटलं. “आणि हे दोन. मला सगळे माहीत आहेत. मी टाकले होते ते.”

मी म्हटलं की काही चेंडू स्ट्राइकच होते, अंपायरची चूक होती.

“अंपायरची नव्हती.”

मग मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं ना. ते तोंडातून निघालं आणि मलाच कसंतरी वाटलं. ती रडेल असं मला वाटत होतं, पण ती रडली नाही. फार हळू आवाजात बोलली.

“तुला वाटतं मला परत कधी जमणार नाही. म्हणून तू केलंस.”

ते खरं होतं. ती वही तिथेच ठेवून पार्किंगमध्ये गेली. थोड्या वेळानं गादीवर चेंडू आपटल्याचा आवाज जिन्यातून वर यायला लागला. मी उठून दार लावून घेतलं, कारण तो आवाज मला ऐकवेना.

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. तो बराच वेळ बुटाच्या नाड्या सोडत बसला. मग म्हणाला की तो मुलगा, बावीस वॉकवाला, त्याला घरी काय सांगितलं असेल त्याच्या आईनं. मी त्या मुलाला चेहऱ्यानं ओळखत होते. गोल चेहरा, दातांना तार. चार दिवस मी त्याचा विचार मुद्दाम केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीवर गेल्या गेल्या मी एक्स-रे विभागात गेले. कोच एका म्हाताऱ्या पेशंटला व्हीलचेअरवरून टेबलावर घेत होते. मी बाहेर बाकावर थांबले. ते आले, मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, किती वॉक, कुठल्या मॅचचे, कसे. त्यांचा चेहरा बदलला नाही, तेच मला जास्त लागलं. एवढंच विचारलं, “तिला माहीत आहे?”

मी म्हटलं, तिनंच पकडलं.

ते म्हणाले की फोन तुम्हीच करायचा, मी करणार नाही. त्यांच्यासमोर, तिथेच, मी त्या अमेरिकन गृहस्थांना फोन लावला. माझं इंग्रजी एरवी बरं आहे, त्या दिवशी साध्या वाक्यातही अडखळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की सांगितलंत ते बरं केलंत, नाव बदललं जाईल, आणि वही आता दुसऱ्या कुणाकडे द्यावी. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुपारी ग्रुपवर दुरुस्त यादी आली. खाली एक ओळ होती, आकड्यांत चूक होती म्हणून. माझं नाव त्यांनी घातलं नव्हतं. पण आकडे कोण पाठवतं ते सगळ्यांना माहीत होतं.

घरी मुलीला सांगितलं, नाव काढलं. तिनं मान हलवली. अभ्यासाच्या पुस्तकावरून डोळे वर केले नाहीत. पुढचा आठवडाभर ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. डबा, युनिफॉर्म, दार उघड. तेही इंग्रजीत. मी सकाळी उठून डबा भरायची आणि तिच्या खोलीच्या दाराशी उभी राहायची, आत जावं की नाही ते ठरवत.

दहावी मॅच शेवटची होती. कोचनी तिला आदल्या दिवशी प्रॅक्टिसनंतर विचारलं की टाकणार आहेस का, नसशील तर मी समजू शकतो. ती टाकते म्हणाली. हे मला नवऱ्याकडून कळलं.

शुक्रवारी मी पहिल्यांदाच वहीशिवाय स्टॅंडमध्ये बसले. वही एका फिलिपिनो मुलाच्या वडिलांकडे गेली होती. माझ्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी होती. नवरा शेजारी बसायला आला, पण त्याला बसवेना, तो जाळीला धरून उभा राहिला. समोरची टीम तीच होती, डिसेंबरमधली. आणि मनगट चोळत, नवं कोरं हेल्मेट घालून, ती अमवाजची मुलगी त्यांच्या रांगेत बसली होती. प्लास्टर निघून तीनेक आठवडे झाले होते. माझ्या मुलीनं तिला बघितलं होतं. ती वॉर्म-अपचे चेंडू टाकत होती आणि एकही प्लेटमागे बसलेल्या कॅचरच्या हातात सरळ जात नव्हता.

पहिल्या बॅटरला वॉक. दुसरा बॅटर चेंडू हवेत मारून झेलबाद झाला. तिसऱ्याला वॉक. मग ती मुलगी आली. माती पायानं उकरून उभी राहिली, पूर्वीसारखीच, प्लेटच्या अगदी जवळ. तिची आई पुढच्या रांगेत होती, तिनं दोन्ही हात मांडीखाली धरले होते.

पहिला चेंडू हातभर बाहेर. दुसरा त्याहून बाहेर, कॅचरला उडी मारून अडवावा लागला. नवरा जाळीशी पुटपुटत होता, बहुधा प्रार्थना. कोच उठले आणि सावकाश चालत उंचवट्यावर गेले. तिथे काय बोलणं झालं ते मला पुष्कळ दिवसांनी तिच्याकडून कळलं. त्यांनी माझी जुनी पानं खिशातून काढून तिला दाखवली होती. म्हणाले, “बघ, तू कुणालाच चेंडू लागू देत नाहीयेस. ती खेळायला परत आली आहे. तिला खेळू दे.” आणि चालत परत आले.

ती तिथे उभी राहिली. टोपी काढली, घातली. अंपायरनं हात दाखवेपर्यंत उभी होती. मग तिनं टाकला. चेंडू आतल्या बाजूनं गेला, त्या मुलीच्या पोटासमोरून, आणि ती मागे झाली. माझ्या तोंडातून काहीतरी आवाज निघाला असणार, कारण पुढची बाई वळून बघायला लागली. अंपायरचा उजवा हात वर गेला. स्ट्राइक. ती मुलगी एक पाऊल बाहेर गेली, बॅट दोनदा हवेत फिरवली आणि पुन्हा येऊन तिथेच उभी राहिली, तितकीच जवळ.

पुढचा चेंडूही आत होता. त्या मुलीनं बॅट फिरवली आणि चेंडू दुसऱ्या बेसच्या डोक्यावरून मैदानात मारला. एक रन आला. समोरची टीम ओरडत होती, ती मुलगी पहिल्या बेसवर उभी राहून नाचत होती. माझ्या मुलीनं तिच्याकडे बघितलं. मग तिनं खांदे खाली सोडले. मी दोन महिने तिचे खांदे तसे पाहिले नव्हते.

मॅच आम्ही हरलो. तिनं तीन इनिंग टाकल्या, चार वॉक दिले, चार बॅटर बाद केले. एकदम काही सुधारलं असं नाही. मॅच संपल्यावर त्या मुलीची आई माझ्याकडे आली आणि माझा हात धरून थोडा वेळ उभी राहिली. तिला आकड्यांचं माहीत होतं की नव्हतं, मला आजही माहीत नाही.

दुबईला टीम गेली, तारवाला मुलगाही गेला. त्या तीन दिवसांत मुलगी फोनवर स्कोअर बघत होती. मी विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनंच सांगितलं की त्या मुलानं उपांत्य सामन्यात छान टाकलं. मी म्हटलं, हो का. ती म्हणाली, हो. आमचं पुन्हा बोलणं सुरू झालं ते असं, हळूहळू, इतर गोष्टींवरून. शाळा, केस कापायचे, वसईला मे महिन्यात जायचं की नाही.

यंदा ती अकरावीत आहे आणि अजून टाकते. आता ती टीमची दुसरी पिचर आहे, पहिली नाही. वॉक देते, कधी जास्त, कधी कमी. सीझनच्या सुरुवातीला ग्राउंडवर गाडी लावत असताना ती मला म्हणाली की तू स्टॅंडमध्ये प्लेटच्या मागे बसत जाऊ नकोस. तू तिथे असलीस की मला तुझा चेहरा दिसतो. मी विचारलं, मग कुठे बसू? तिनं पहिल्या बेसच्या पलीकडची एक छोटी पायरी दाखवली, भिंतीच्या सावलीत. तिथून तिची फक्त पाठ दिसते आणि प्लेट इतकी तिरकी दिसते की गेलेला चेंडू बॉल होता की स्ट्राइक, मला काही कळत नाही. मी दर शुक्रवारी तिथेच बसते.